गवत वाळलंय, म्हणतो

ऑगस्टिन रोज सकाळी दारातलं गवत मोडून पाहायचा. एक काडी उपटायची, कानाजवळ न्यायची आणि वाकवायची. निमूट वाकली तर ओली, कट्‌ म्हणाली तर वाळत चालली. गेले काही दिवस ती कट्‌ म्हणायला लागली होती आणि तेव्हापासून ऑगस्टिनचं बूड एका जागी टिकत नव्हतं. चहा उभ्याने, जेवण फेऱ्या मारत. खिशातली काडेपेटी तो इतक्यांदा चाचपायचा की डेल्फीनने, त्याच्या बायकोने, एकदा विचारलं की तिच्यात पिल्लं ठेवलीत का.

जाळायचे दिवस होते. शेवटच्या वादळांनी माणसाहून उंच गवत आडवं झोपवलं होतं, आग्नेयेचा वारा सुरू झाला होता, तळ्यावर चतुर दिसू लागले होते. या दिवसांत दुपार कलताना गवताला काडी लावावी, आग पाय दुखणाऱ्या बाईसारखी सावकाश चालत जावी, आणि रात्री दंव पडलं की तिने आपण होऊन निजावं. एकदा दंव पडायचं थांबलं की मग आग निजत नाही. ती झाडांवर चढते.

प्रश्न कड्याखालच्या घळीतल्या राईचा होता. तिथली झाडं इतकी जुनी की त्यांना आजोबा म्हणणंही पोरकटपणाचं वाटावं. मुलूख ऑगस्टिनच्या सासूच्या बापाचा. आईच्या मुलखाची राखण लेकीने करायची असा कायदा, म्हणून राखण डेल्फीनची. आणि ऑगस्टिन राष्ट्रीय उद्यानात रेंजर, म्हणून राईभोवतीचं गवत वेळेत जाळून झाडांना कडं करायचं काम त्याचं. तिघांचं एकमत होतं. तरी काडी ओढता येत नव्हती, कारण चौथा होकार डार्विन शहरातल्या सरकारी कचेरीतून यायचा होता.

गेल्या वर्षी तो आला नाही. त्याला कारण ऑगस्टिनची जीभ, असं निदान गावाचं मत होतं. मिशनच्या शाळेत फादरने त्याला लहानपणी एकदा चार शब्द बोलायला उभं केलं होतं. डेल्फीनच्या मते ते चार शब्द अजून संपलेले नाहीत. गेल्या वर्षी डार्विनहून आग-अधिकारी आले, तेव्हा बैठकीत ऑगस्टिनने त्यांना ऐकवलं की साहेब, तुमच्या लोकांनी काडेपेटी शोधून काढली त्याच्या कितीतरी आधीपासून आमचे लोक आग लावून, विझवून, जेवून झोपत आलेत. सगळे खो खो हसले. साहेब हसले नाहीत. ते अधिक अभ्यासाला म्हणून परत गेले, आणि दंव थांबेपर्यंत अभ्यास चालला. पुढे उकाड्याच्या दिवसांत कोरडी वीज पडली, पठारावरून आग उतरली आणि राईतली सगळ्यांत थोरली झाडं घेऊन गेली.

त्यानंतर सासू ऑगस्टिनशी एक शब्द बोलली नाही. त्याआधीही ती कधी बोलली नव्हती म्हणा. सासू-जावयाने एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांकडे पाहायचं नाही, नाव घ्यायचं नाही. म्हातारी दुकानात शिरली की ऑगस्टिन पिठाच्या पोत्यांमागे जायचा. ती रस्त्याने आली की त्याला एकदम झाडावरचे पक्षी पाहायची हौस यायची. याला इथे मान म्हणतात. बलंदा, म्हणजे गोरे लोक, हे ऐकून आधी हसतात, आणि मग त्यांची सासू नाताळात राहायला येते तेव्हा काय काय होतं ते बराच वेळ सांगत बसतात. तर म्हातारीचं नाव जावई घेत नाही, तेव्हा आपणही घ्यायला नको. एवढंच सांगायचं की न बोलण्यातही प्रकार असतात, आणि गेल्या वर्षीनंतरचं न बोलणं वेगळं होतं. ते जावयाला ऐकू यायचं.

यंदा ते साहेब बदलून गेले होते आणि त्यांच्या जागी फिलिपा नावाच्या बाई येणार होत्या. ऑगस्टिनने नवं भाषण तयार केलं. सुरुवात नम्र होती, मधे आजोबांच्या आजोबांचा दाखला होता, शेवटी जळालेल्या झाडांपाशी आवाज जड करायचा होता. त्याने ते कुत्र्यासमोर म्हणून पाहिलं. तळ्याकाठी चरणाऱ्या वॉलब्यांसमोर म्हटलं. वॉलब्या कांगारूंपेक्षा लहान असल्या तरी त्यांना भाषण कळतं; त्या मधल्या दाखल्यापर्यंत थांबल्या आणि मग निघून गेल्या.

बाई एक दिवस आधीच आल्या. ऑगस्टिन तेव्हा मासे पकडायला गेला होता. संध्याकाळी दवाखान्यातलं काम आटपून डेल्फीन घरी आली आणि त्याने आणलेली बारामुंडी साफ करायला बसली.

"बाई आल्या," ती म्हणाली.

ऑगस्टिन उठून उभा राहिला. मग आठवलं, की तो उभाच होता.

"चांगल्या वाटल्या. दुकानाच्या ओट्यावर आईशेजारी बसल्या होत्या. आईने चहा पाजला."

"बरं झालं."

"आईने त्यांना बहीण केलं."

"कुणाची?"

"स्वतःची. आणखी कुणाची करणार?"

ऑगस्टिनने थोडा वेळ हिशेब केला. तो अवघड नव्हता. सासूची बहीण म्हणजे सासूच. इथे आईच्या बहिणीला आईच म्हणतात, वेगळा शब्द काढायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. पाहुण्याला नातं देणंही नवं नव्हतं. नात्याशिवायचं माणूस म्हणजे रस्त्यात पडलेलं सामान, कुणाच्या ओट्यावर ठेवायचं ते कळत नाही. पण नातं देताना म्हातारीला आत्या, आजी, पुतणी, नात अशी शंभर घरं मोकळी होती.

"म्हणजे मी बोलायचं नाही?" त्याने विचारलं.

"बघायचंही नाही," डेल्फीन म्हणाली आणि माशाचं डोकं उडवलं.

तो तसाच कीथकडे गेला. कीथ त्याच्याबरोबरचा रेंजर, दक्षिणेकडच्या थंड मुलखातून आलेला, वयाने ऑगस्टिनहून मोठा. तो आला त्याच वर्षी त्याला कुणीतरी डेल्फीनचा मुलगा करून टाकलं होतं, त्यामुळे तो ऑगस्टिनचाही मुलगा होता. कीथ कमी बोलायचा. मगर दिसली तर तो "मगर" म्हणायचा आणि त्यात पर्यटकांना सगळं कळायचं.

ऑगस्टिनने त्याला समजावलं की हे नातं काही खरं नव्हे. बाई डार्विनच्या, परवा परत जाणार, त्यांना यातलं काय कळतं, आणि सरकारी कामात असली नाती आणली तर राज्य चालायचं कसं. कीथने सगळं ऐकून घेतलं.

"मग माझी गाडी परत कर," तो म्हणाला.

गेल्याच महिन्यात ऑगस्टिनने बापाच्या हक्काने कीथची जुनी जीप आणली होती. त्याने विषय बदलला.

उरला शेवटचा मार्ग. त्याने डेल्फीनकरवी म्हातारीला निरोप पाठवला की ही बहीण परत घेता येते का, निदान उद्यापुरती. डेल्फीन उत्तर घेऊन आली. आई विचारते, बहीण म्हणजे काय दुकानातला डबा आहे का, फुगलेला निघाला म्हणून परत करायला?

त्या रात्री दंव कमी पडलं. सकाळी काडी मोडली तर ती कट्‌ म्हणाली आणि वर दोन तुकडे होऊन खाली पडली.

राईकडच्या वाटेवर टिकेल अशी गाडी एकच. सासू-जावयाने एका गाडीत बसायचं नाही, पण मागचा उघडा हौदा म्हणजे गाडी नव्हे, असा निवाडा डेल्फीनने राखणदार या नात्याने दिला. तेव्हा पुढे कीथ, म्हातारी आणि फिलिपाबाई. मागे हौद्यात पाण्याची पिंपं, फावडी, डेल्फीन, आणि पुढच्यांकडे पाठ करून ऑगस्टिन. वाट दाखवायची जबाबदारी त्याची होती. ती तो टपावर थापा मारून पार पाडत होता, डावीकडे एक, उजवीकडे दोन. एका वळणावर कीथ चुकला तेव्हा त्याने इतक्या थापा मारल्या की आत बाईंनी विचारलं, मागे काही जनावर आहे का.

"सासरा," कीथ म्हणाला. मग दुरुस्ती केली. "जावई."

नदीच्या फरशीपुलावर भरतीचं पाणी होतं आणि दोन्ही काठांवर पर्यटक खुर्च्या टाकून मगरी पाहत होते. ऑगस्टिनला एरवी इथे बोलायला आवडायचं. आज तो पाठमोरा, मांडीवर हात घट्ट धरून गेला आणि पर्यटकांनी मगरी सोडून त्याचेच फोटो काढले. बायकोशी तो वाटभर कुजबुजत होता. तू तरी सांग, तुला तर बोलता येतं. डेल्फीन म्हणाली की लग्न झाल्यापासून ती आईचे निरोप त्याला आणि त्याचे आईला पोचवत आलीय, आज तिची सुट्टी आहे. शिवाय ते भाषण तिने दोनदा ऐकलंय, उचलताना कंबर जाईल. कीथ नेईल.

घळीच्या तोंडाशी गाडी थांबली. कड्याच्या पोटात गेरूने काढलेलं लांब मानेचं कासव होतं, त्याच्या पोटातली अंडीसुद्धा दिसत होती. म्हातारी बाईंचा हात धरून त्याखाली उभी राहिली. तिने ओंजळभर पाणी बाईंच्या डोक्यावर ओतलं आणि घळीकडे तोंड करून मोठ्याने हाक दिली, जुन्या माणसांना ऐकू जावी अशी. ही माझी धाकटी बहीण आहे, हिला ओळखून ठेवा, हिला काही करू नका.

खडकामागे उभ्या ऑगस्टिनने डोळे मिटले. काल ओट्यावर झालेलं नातं चहातलं म्हणता आलं असतं. आता ते वरच्या कोर्टात गेलं होतं आणि तिथे अपील नसतं.

मग काम सुरू झालं. बाई, म्हातारी आणि डेल्फीन राईच्या एका बाजूला. ऑगस्टिन दुसऱ्या बाजूला, खडकाच्या आड. मध्ये कीथ, जाऊन-येऊन. ऑगस्टिनने भाषण सुरू केलं. नम्र सुरुवात केली, वाऱ्याची दिशा सांगितली, गवताची जात, आग कुठून लावायची, ती कुठल्या दगडापाशी थकेल, आजोबांच्या आजोबांनी कसं केलं होतं. त्याच्या आवाजाने कड्यावरचे पोपट उडाले. कीथने मान डोलावली आणि तो पलीकडे गेला.

"गवत वाळलंय, म्हणतो," ऑगस्टिनला त्याचा आवाज ऐकू आला.

बाईंनी काहीतरी विचारलं. कीथ परत आला. बाई विचारतात, आग घळीत शिरली तर? ऑगस्टिनने तेही सांगितलं: कडेचं आधी, मग आतलं, वारा पडताना, प्रत्येक पायरी का आणि ती चुकली तर काय. कीथ गेला.

"शिरणार नाही, म्हणतो."

ऑगस्टिनने जवळच्या वारुळावर मूठ आपटली. वारूळ त्याच्याहून उंच आणि त्याच्याहून टणक होतं. त्याने हात झटकला, चार पावलं गेला, परत आला, काडी मोडली, काडेपेटी चाचपली. गेल्या वर्षी हीच जागा, हाच वारा. जळालेलं सगळ्यांत मोठं झाड दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये उभं होतं, काळं, पोकळ, आतून आभाळ दिसणारं. त्या झाडापाशी आवाज जड करायचा होता. ते वाक्य त्याच्या घशात येऊन बसलं होतं आणि ते नेणारा माणूस कीथ होता.

कीथ परत आला, यावेळी जरा हळू.

"हवेचा अंदाज बघून पंधरवड्यात कळवतील."

पंधरवडा. गेल्या वर्षीच्या साहेबांनीही हाच शब्द वापरला होता. त्या पंधरवड्याला पुढे पोरंबाळं झाली. ऑगस्टिनच्या डोक्यात काहीतरी कट्‌ म्हणालं. तो खडकाआडून बाहेर आला आणि सरळ चालू लागला. आता बोलायचं. मान गेला खड्ड्यात. झाडं उरली तर मान.

पलीकडे म्हातारीने त्याला येताना पाहिलं, किंवा पाहिलं नाही. तिने खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर ओढला आणि कड्याकडे तोंड करून जमिनीवर बसली. गेल्या वर्षी झाडं जळाली त्या दिवशीही ती अशीच बसली होती. डेल्फीन नवऱ्याकडे पाहत राहिली. ऑगस्टिनचे पाय जळालेल्या झाडापाशी थांबले.

तो बाईंकडे न पाहता झाडासमोर, खोडाच्या आड उभा राहिला. झाडाशी बोलायला कुणाची बंदी नाही. त्यातून दुसऱ्या कुणी ऐकलं तर तो ऐकणाऱ्याचा प्रश्न. इथे कितीतरी जावयांचे संसार झाडांशी, कुत्र्यांशी आणि गाडीच्या चाकांशी बोलून चाललेत. त्याने तोंड उघडलं आणि भाषणाची सुरुवात शोधली. ती सापडली नाही. मधला दाखलाही सापडला नाही. समोर पोकळ खोडातून आभाळ दिसत होतं.

"अजून थोडे दिवस दंव पडेल," तो झाडाला म्हणाला. "मग नाही पडणार."

यापुढे काय म्हणायचं ते त्याला सुचेना. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच होत होतं आणि ते पाहायला कीथ होता, याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

मग पावलं आली आणि झाडाच्या पलीकडच्या अंगाला थांबली. काल ओट्यावर चहाबरोबर म्हातारीने बहिणीला बरंच काही शिकवलं होतं असं दिसलं, कारण फिलिपाबाईंनीही ऑगस्टिनकडे पाहिलं नाही, घसा साफ केला आणि त्या खोडाशी बोलल्या.

"आज दुपारी लावली तर रात्रीत विझेल का?"

"विझेल," ऑगस्टिनने झाडाला सांगितलं.

"अंदाज न बघता?"

"अंदाज खाली आहे. बुटाला लागेल." सकाळचं दंव सावलीतल्या गवतावर अजून ओलं होतं.

झाड मध्ये गप्प उभं होतं. गेल्या वर्षी त्याच्यावरून झालेली चर्चा त्याला लक्षात असावी. बाई खाली वाकल्या, गवतातून हात फिरवला आणि ओला तळवा पँटला पुसला.

"मग लावा," त्या झाडाला म्हणाल्या.

दुपार कलताना काडी ओढली गेली. पहिली डेल्फीनने, राखणदार म्हणून. मग ऑगस्टिनने, आणि मग म्हातारीने स्वतः, जावई दुसऱ्या टोकाला आहे हे पाहून. आग गुडघ्याएवढी उठली आणि सावकाश चालू लागली. कुठून कुठून घारी जमल्या, धुराच्या कडेने खाली येऊन पळते टोळ उचलू लागल्या. ऑगस्टिन आगीबरोबर चालत राहिला, फांदीने इकडे एक ठिणगी मार, तिकडे एक. जिथे ती थकेल असं तो कीथला सांगून थकला होता, त्या दगडापाशी ती थकली. काळोख पडायच्या आत राईभोवती काळं कडं झालं होतं आणि राईच्या आतला पाचोळासुद्धा हलला नव्हता.

तरी त्याला चैन नव्हती. परतताना हौद्यात बसून तो पुन्हा पुन्हा डेल्फीनला विचारत होता की शंभर घरं सोडून तुझ्या आईने बहीणच का केलं. शेवटी डेल्फीनने सांगितलं.

बाई काल ओट्यावर बसल्या तेव्हा त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, डार्विनमध्ये त्यांना सगळ्यांनी बजावलंय की इथे एक रेंजर आहे, तो बोलायला लागला की थांबत नाही. आधीचे साहेब त्याच्यामुळेच चिडून गेले. म्हणून त्या पूर्ण तयारीने आल्यात. त्यांचंही एक भाषण तयार होतं, चांगलं मोठं.

"आईने त्यांना विचारलं, किती मोठं. मग मला विचारलं, तुझ्या नवऱ्याचं किती मोठं. मी सांगितलं." डेल्फीनने पदराएवढ्या रुमालाने तोंडावरची राख पुसली. "आई म्हणाली, दोन भाषणांत माझी झाडं एकदा जळलीत. मग तिने बाईंना आणखी एक चहा दिला आणि धाकटे म्हणून हाक मारली."

पुढे काचेआड दोघी सासवा हसत होत्या. कशावर, ते विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने वॉलबी मारली आणि शेपूट, म्हणजे सगळ्यांत चांगला भाग, म्हातारीच्या अंगणातल्या झाडाला टांगून आला. न बोलता, अर्थात. संध्याकाळी शेपूट भाजल्याचा वास आला आणि त्या वासावरून त्याला कळलं की न बोलण्याचा प्रकार बदललाय.

फिलिपाबाई पुढे उद्यानाच्या मुख्य झाल्या. त्यामुळे ऑगस्टिन आज अख्ख्या खात्यातला एकमेव माणूस आहे ज्याला साहेब रागावू शकत नाहीत, आणि ज्याला साहेबांना काही सांगायचं झालं तर दारातल्या कुंडीला सांगावं लागतं. सहकारी त्याचा हेवा करतात. काहींनी म्हातारीच्या ओट्यावर फेऱ्याही मारून पाहिल्या, पण ती अशी वाटेल त्याला बहीण देत नाही.

एवढ्यात ऐकलंय की पावसाने वाहून गेलेल्या रस्त्याची पाहणी करायला डार्विनहून इंजिनिअर येतोय. रस्त्याबद्दल ऑगस्टिनला बरंच म्हणायचं आहे. सुरुवात सुचली आहे, दाखलाही आहे, आणि परवापासून त्याला पुन्हा एका जागी बसवत नाही. आज दुपारी तो दुकानावरून गेला तेव्हा ओट्यावर म्हातारी बसली होती, म्हणून त्याने झाडावरच्या पक्ष्यांकडे पाहिलं. पण पाहता पाहता डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलंच. तिच्या शेजारी नवी टोपी घातलेला एक माणूस बसला होता, त्याच्या हातात चहा होता, आणि म्हातारी त्याला आणखी साखर घालत होती.

सासूचा भाऊही सासूइतकाच वर्ज्य असतो. ऑगस्टिन घरी आला, कुत्र्याला समोर बसवलं आणि भाषण कमी करायला लागला.